लालसिंग नायकाच्या तांड्याची पेटी

“पेटीवर नाव तुझ्या भावाचंच आहे, हंसा! मी या डोळ्यांनी वाचलं!” कुंदा धापा टाकत म्हणाली. मे महिन्याच्या सुट्टीत ती यवतमाळहून काकांकडे फुलसावंगीला आली होती. काका, बबनराव, तिथल्या टपाल कचेरीत कारकून.

हंसाचा दादा भीमसिंग आरमारात खलाशी होता. डिसेंबरात गोव्याच्या लढाईत तो गेला. तार आली, पण देह समुद्रातच राहिला. याडी, म्हणजे तिची आई रामीबाई, काही केल्या मानेना. रडलीसुद्धा नाही! “त्याची पेटी नाही आली, म्हंजे पोरगा जिता हाय,” एवढंच धरून बसली होती.

“मंग पेटी आणून काहून नाही देली?” हंसाचा चुलतभाऊ शंकरसिंग उसळला.

“काका म्हणतात, लालसिंग नायकाचा तांडा कुठे नाहीच! उद्याच्या मोटारीने परत पाठवणार!”

“हात्तिच्या! लालसिंग नायक संक्रांतीले वारले. आता सेवादास नायक, म्हणून तांडा त्याह्यच्या नावाचा! आमच्या बंजाऱ्यात असंच असते!” शंकरसिंग म्हणाला.

तिघं कचेरीकडे धावत सुटली. पेटी दुसऱ्याच कोणाची निघावी, असं हंसाला वाटेत सारखं वाटत होतं. तरी तिने घरात शिरून एक कागद उचललाच.

बबनरावांनी मानही वर केली नाही. मोठ्या माणसांचं हे असंच! “पत्त्यावरचा तांडा दाखवा, पेटी न्या. चला, पळा!”

हंसाने तो कागद टेबलावर ठेवला. दादा गेल्याची तार! तोच पत्ता!

“काका, ही तार तुमच्याच कचेरीच्या शिपायानं आणून देलती. तवा तांडा कसा सापडला?”

बबनरावांनी तार वाचली. चष्मा काढला. “चुकलो गं पोरी,” एवढंच म्हणाले, आणि पेटी स्वतःच्या खांद्यावर घेऊन तांड्यावर आले.

“शाब्बास लेकरांनो! जे आमाले नाही सुचलं, ते तुमी केलं!” सेवादास नायकांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. हंसाला त्यातलं काही गोड लागलं नाही. ती आईकडे पाहत होती.

रामीबाईने पेटी उघडली. वर पांढरा गणवेश, कडक इस्त्रीचा. तिने सदरा नाकाशी धरला. मग दुसरा. मग टोपी, मग रुमाल. एकेक कपडा हुंगत ती पेटीच्या तळापर्यंत गेली.

“हंसा,” ती म्हणाली, “धुऊन पाठवलं वं सारं! माह्या पोराचा वासच नाही राह्यला!”

आणि पाच महिन्यांनी रामीबाई रडली.