न उघडलेलं केळफूल

चर्रर्र.

वेलक्रो उघडल्याचा एवढासा आवाज. पण खोलीतले सगळे दचकले. शाळेतून परत आल्यापासून त्या घरात कुणी धड बोललं नव्हतं. गॅस पेटला नव्हता, टीव्ही लागला नव्हता.

सोनलने पोशाखाच्या अस्तराखालच्या छोट्या खिशात दोन बोटं घातली. मग खिसाच उलटा केला.

"रिकामा आहे," ती म्हणाली.

"काय हवं होतं त्यात?" पोलीस उपनिरीक्षक मृणाली तायडेंनी विचारलं.

"पंप. पूर्वाचा दम्याचा पंप."

दिवाणावर केळफूल पडलं होतं. मोठ्या वांगी पाकळ्यांचं, लहान मुलाच्या उंचीचं. सोनलने घरीच बनवलेलं. आज सकाळी सहा वर्षांची पूर्वा ते घेऊन शाळेच्या वेशभूषा स्पर्धेला गेली होती. आता केळफूल घरी होतं. पूर्वा नव्हती.

"खिसा कुणाकुणाला माहीत होता?"

"मला आणि पूर्वाला. बाहेरून दिसत नाही तो. दिसू नये म्हणूनच शिवला. मुलं चिडवतात तिला."

मृणाली तायडेंनी नोंद केली. "म्हणजे पंप तिच्याजवळ आहे. हे चांगलंच."

सोनलला चांगलं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. शाळेच्या मैदानात ती वेड्यासारखी ओरडत सुटली होती, 'तिचा पंप, तिचा पंप कुठाय.' तेव्हा नानांनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. "पंप तिच्याजवळ शे माय, नको रडू." तेवढ्या एका वाक्यावर ती उभी राहिली होती.

आता नाना दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. देवचंद नाना, सोनलचे वडील. जळगावातलं हे घर त्यांचंच. वर्षभरापूर्वी सोनल पूर्वाला घेऊन इथे आली, ती परत गेली नाही.

"माझ्या नवऱ्याशी बोलणं झालं?" सोनलने विचारलं.

"जगदीश दिवसभर नरडाण्याच्या कारखान्यात ड्यूटीवर आहेत. सुपरवायझरशी बोलले, गेटवरही विचारलं. बाहेर पडलेले नाहीत."

"खोटं बोलत असतील."

"एखादा बोलेल. अख्खी पाळी नाही बोलणार."

सोनल खाली बसली.

*

शाळेचा विषय होता, 'आपला खान्देश'. कुणी बाजरीचं कणीस झालं, कुणी भरताचं वांगं. सोनलच्या भावाची मुलगी गार्गी कापसाचं बोंड झाली. तिला तिच्या आईने, शिल्पाने, तोंडभर पांढरी पावडर फासली होती. पूर्वाला पावडरीने दम लागतो, म्हणून सोनलने दोघींना वेगळ्या वर्गात तयार करायला लावलं. त्यावरून नणंद-भावजयीत सकाळीच एक चकमक झडली होती.

केळफूल ही पूर्वाची हौस. दुपारी ती झोपली की सोनल शिवायला बसायची. शेजारी नाना पाकळ्यांत घालायला बांबूच्या काड्या तासायचे. कापड होतं सोनलच्या लग्नातल्या साडीचं. नानांनीच घेतलेली, वांगी रंगाची, जरीकाठी. त्या साडीला कात्री लागली त्या दिवशी नाना जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. आतून अस्तर गर्द हिरव्या ओढणीचं, पूर्वाला जन्मल्यावर दवाखान्यातून जिच्यात गुंडाळून आणलं तीच ओढणी. काही टोचू नये म्हणून.

खरी गंमत दोरीत होती. पाकळ्या मिटलेल्या असताना तोंड पूर्ण झाकलेलं, डोळ्यांपुढे फक्त जाळी. पूर्वाने आतली दोरी ओढायची, की एकेक पाकळी उघडणार आणि शेवटी तिचा हसरा चेहरा. घरी तिने हे इतक्यांदा केलं होतं की शिल्पासुद्धा म्हणाली, "बास कर गं बाई, फूल कोमेजेल."

आणि आज स्टेजवर पाकळ्या उघडल्याच नाहीत.

केळफूल आलं. उभं राहिलं. एक गिरकी घेतली. निघून गेलं. मागे कुणीतरी हळहळलं, "घाबरली बिचारी." बक्षिसं उरकल्यावर बाई वर्गात गेल्या, तेव्हा बाकावर नुसतं केळफूल होतं.

त्या क्षणापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आपली दोरी अडकली. पूर्वाला लाज वाटली. रडत रडत ती फाटकाबाहेर गेली. आपण एक दोरी नीट ओवली असती तर...

*

"शिल्पाताई, गार्गीची पाळी झाल्यावर तुम्ही कुठे होतात?" मृणाली तायडेंनी विचारलं.

"मागच्या रांगेत. बायांबरोबर फोटो काढत होते."

"आणि गार्गी?"

"पोरींमध्ये खेळत असेल. मी काय तिच्या मागे मागे हिंडू?"

"नणंद आल्यापासून घरात भांडणं होतात, असं शेजारी सांगतात."

"कोण शेजारी? ती गिरणीवाली ना?" शिल्पा उसळली. "मॅडम, आमची भांडणं होतात ती धुण्याभांड्यावरून. पोर पळवण्याइतकी बुद्धी फिरली नाही माझी. माझा नवरा सकाळपासून स्टँडवर एकेका एसटीत डोकावतोय, आणि तुम्ही मला विचारता?"

तिचा आवाज फाटला. सोनलने पहिल्यांदाच पाहिलं, वहिनीचे डोळे सुजले होते.

"नाना, तुम्ही?"

"मी सोनूशेजारीच होतो. विचारा तिला."

"पूर्ण वेळ?"

"मधी पाणी प्यायले गेलो. पूर्वा स्टेजवर उनी तेव्हा जागेवरच होतो."

"होते," सोनल म्हणाली. "माझा हात धरून बसले होते."

मृणाली तायडेंनी मान हलवली. मूल स्टेजवर शेवटचं दिसलं, त्यानंतर गेलं. त्या वेळी घरचे सगळे डोळ्यांसमोर. बाप नरडाण्यात. उरला कोण? परका माणूस. त्यांनी तो शब्द उच्चारला नाही, पण सोनलला तो ऐकू आला.

तिने केळफूल मांडीवर ओढलं. त्यात तोंड खुपसून रडावं, एवढंच तिला वाटत होतं. हाताला दोरी लागली. ही ती मेली दोरी. तिने ती रागाने ओढली.

पहिली पाकळी उघडली. मग दुसरी. मग तिसरी. लोण्यातून सुरी जावी तशी.

सोनलचं रडू थांबलं.

तिने पाकळ्या मिटल्या. पुन्हा ओढलं. पुन्हा उघडल्या. कुठे गाठ नाही, कुठे अडक नाही.

मग तिने समोरची पाकळी उलटी केली आणि खिडकीकडे धरली. गर्द हिरव्या अस्तरावर, बरोबर तोंड येतं तिथे, पांढरा पट्टा होता. तिने बोट फिरवलं. वास घेतला.

"गार्गी," तिने हाक मारली. "इकडे ये गं, राणी."

आतल्या दाराशी गार्गी उभी होती. तोंड धुतलेलं, पण कानांमागे अजून पांढरं. सोनलने पदराने ते पुसलं, अगदी हळू.

"केळफुलात कोण लपलं होतं?"

गार्गीने ओठ घट्ट मिटले.

"मला ठाऊक आहे. तू छान गिरकी घेतलीस. दोरी का नाही ओढलीस?"

"ओढली की तोंड दिसतं ना," गार्गी पुटपुटली. "मग गंमत जाते."

"कुणी सांगितलं असं?"

गार्गीने मान वळवली. तिने फक्त खुर्चीकडे पाहिलं.

शिल्पाच्या तोंडून शब्द फुटला, "नाना?"

*

नाना जागचे हलले नाहीत. मृणाली तायडे उठू लागल्या. सोनलने त्यांना हातानेच थांबवलं. ती बोलू लागली तेव्हा तिचा आवाज इतका शांत होता की शिल्पाने गार्गीला जवळ ओढून घेतलं.

"मॅडम, आपण सगळे चुकीच्या वेळेत शोधत होतो. स्टेजवर पूर्वा नव्हतीच. पावडर लागलेलं तोंड तिचं असूच शकत नाही. पूर्वाने दोरी ओढली असती, झोपेतसुद्धा ओढली असती. ती आधीच गेली होती. गार्गीचं झालं, तेव्हा कुणीतरी तिला वर्गातून बाहेर काढलं, गार्गीला यात घातलं आणि निवांत येऊन माझ्याशेजारी बसलं."

"पाणी प्यायला गेलेलं कुणीतरी," मृणाली तायडे म्हणाल्या.

"मी तुम्हाला सांगितलं, खिसा दोघींनाच माहीत. विसरले होते. मी तो शिवत होते तेव्हा नाना शेजारीच काड्या तासत होते. परका माणूस पूर्वाला नेताना पंप शोधत बसला नसता. ज्याने नेलं त्याला तिची काळजी होती. आणि मैदानात, खिसा कुणी उघडण्याआधीच, नाना मला म्हणाले, पंप तिच्याजवळ आहे." ती नानांकडे वळली. "तुम्हाला कसं ठाऊक होतं?"

नानांनी मान खाली घातली.

"कुठे आहे ती?"

"धुळ्याला," नाना म्हणाले. "तुन्या सासूकडे. पार्वताबाई मागच्या फाटकाशी उनी होती. मी पूर्वाचा हात तिच्या हातात दिला. जगदीशला काय माहीत नही."

"का?"

"तू साडी कापली माय." नानांचा आवाज चिरकला. "तोवर वाटे, आज ना उद्या जाशी. त्या दिवशी समजलं, तू जात नहीस. बठ्ठा गाव विचारस, देवचंदनी पोर कधी नांदाले जाई. मी किती दिवस जगसू? माझ्यामागे तुले कोण? माले वाटनं, पोर तठे गयी ते तू बी जाशी. रात्री फोन करणार होतो. चार माणसं बसवणार होतो."

"आणि ती नाटकाची गिरकी?"

"तुले लवकर समजतं तर एसटी निघाली नसती."

सोनलला ओरडायचं होतं. तेवढा श्वास नव्हता.

"मी ते घर का सोडलं, नाना? मी सांगितलं होतं तुम्हाला. याच दिवाणावर बसून."

नानांनी दिवाणाकडे पाहिलं.

"पूर्वा निळी पडली होती. आणि सासूबाई म्हणत होत्या, पंपाची सवय लागते. त्यांनी तो माळ्यावर टाकला होता. मी स्टुलावर चढून, कचऱ्यात हात घालून शोधला. तुम्ही पंप दिलात, नाना. पण त्या घरात तो तिच्या हातात राहील?"

"तिनी शपथ घेतली होती..." नाना उठले. खुर्ची मागे पडली. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, नंबर लावला आणि बटण दाबून आवाज मोठा केला.

खूप वेळ रिंग गेली. मग पार्वताबाई.

"विहीणबाई, पूर्वा कशी शे?"

"बरी शे. जरा छाती घरघर करस. एसटीतली धूळ. ओवानी पुरचुंडी हुंगाडी."

"पंप द्या तिले! आत्ता!"

"ते नळकांडं कपाटात ठेवलं मी. काही नही व्हत. तुम्हीच पोरीस्ले भित्रं करी ठेवतस."

मागून खोकला ऐकू आला. कोरडा, एकामागून एक. सोनलने तो ओळखला. ती दारातून बाहेर पडली होती, अनवाणी, आणि मृणाली तायडे धावता धावता धुळे कंट्रोलला पत्ता सांगत होत्या.

नाना मागे जिन्यापर्यंत आले. "मी येऊ का माय?"

सोनलने वळून पाहिलं नाही.

*

धुळ्यापर्यंतचा रस्ता तिला आठवत नाही. पारोळ्याच्या अलीकडे जीपमधला फोन वाजला, एवढं आठवतं. मृणाली तायडेंनी ऐकलं, डोळे मिटले आणि तिचा हात दाबला. "आमची माणसं पोचली. कपाट उघडायला लावलं. पंप घेतला तिने."

ती पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. पूर्वा ओट्यावर एका महिला शिपायाच्या मांडीवर होती. ओठांना रंग परत आला होता. मुठीत पंप. पिवळी कुंची अजून डोक्यावर, केळफुलाच्या आत घालायची.

"काय व्हयनं एवढं?" पार्वताबाई दारातून म्हणाल्या. "पोर आमनी बी शे. पोलीस कशाले?"

"ठाण्यात सांगा," मृणाली तायडे म्हणाल्या. "तुम्हीही, आणि तिकडे नानाही."

सोनलने पूर्वाला उचललं. तिच्या छातीला कान लावला. बारीक शिट्टी वाजत होती, पण वाजत होती. ती तशीच उभी राहिली, शिपाई बाई दुसरीकडे बघू लागेपर्यंत.

जीप निघाली. पूर्वा मांडीत कलंडली.

"आई, गार्गीने फूल उघडलं?"

"नाही गं. तुझ्यासाठी ठेवलंय."

"नाना म्हणाले, गंमत आहे, आईला सांगायचं नाही. मी नाही सांगितलं." तिला थोडा खोकला आला. सोनलने पाठ चोळली. "नाना आले का?"

"नाही."

खिडकीबाहेर धुळ्याचे दिवे मागे पडत होते. पूर्वाने डोळे मिटले. झोपली असं सोनलला वाटलं.

"आजी म्हणाली, हे तुझं घर. मी म्हटलं, माझं घर नानांचं. तर ती म्हणाली, मग नानांनीच तुला इथे का पाठवलं?" तिने मान वर केली. "आई, आपलं घर कुठलं गं?"