कान देऊन ऐकणारा माणूस

कानाच्या दवाखान्याच्या दारात तो स्वतःच्याच चेहऱ्यासमोर उभा होता.

पोस्टर माणसाएवढं उंच. मान डावीकडे कललेली, डोळे मिटलेले, डाव्या भुवईत बारीक खाच. खाली मोठी अक्षरं: ‘ऐकू कमी येतंय? लपवू नका.’ समोर ओली छत्री धरून उभ्या असलेल्या माणसाच्या भुवईतही तीच खाच होती.

ते चित्र मी केलेलं होतं.

मावशीचे कान तपासायला आम्ही आलो होतो. कमी ऐकू येतं म्हणून ती सगळ्यांशी मोठ्यानेच बोलते. तिने सरळ त्याला विचारलं, “अहो, हे तुम्हीच ना? मशीन कसं आहे हो?”

अख्खी रांग वळून बघू लागली. तो हसला, पण जेमतेम. हा आपण नव्हे, म्हणाला. आपण पियानोचे सूर जुळवतो. पोस्टर लागल्यापासून दोन घरांनी गोड बोलून काम बंद केलं होतं. तो जिथे काम करायचा त्या संगीतशाळेच्या मुख्य बाई त्याला ठेवायचं की नाही ते शुक्रवारी ठरवणार होत्या.

“हे कुणी केलं, तेवढं कळायला हवं,” तो म्हणाला. मी मावशीची फाइल चाळू लागले.

मी कॉम्प्युटरला शब्द देते, तो चित्र करतो, मी ते फोटो विकणाऱ्या वेबसाइटवर टाकते. ज्याला हवं तो विकत घेतो. चित्रात माणूस असला की एका चौकटीत खूण करावी लागते: ‘ही व्यक्ती काल्पनिक आहे.’ नाहीतर त्या माणसाची सही लागते. दोन वर्षं ती खूण मी प्रामाणिकपणे केली. एकदा सोडून.

‘लक्ष देऊन ऐकणारा माणूस’ मला हवा होता. कॉम्प्युटर दाढ दुखत असल्यासारखे चेहरे देत होता. माझ्या खिडकीसमोर, अरुंद गल्लीपलीकडे, संगीतशाळेची खिडकी. तिथे कुणीतरी उघड्या पियानोवर वाकून ऐकत होतं. मी फोनवर फोटो काढला, नमुना म्हणून दिला आणि चेहरा बदलायला सांगितलं. चेहरा फारसा बदलला नाही. ते मला दिसलं होतं. तरी मी खूण केली.

आणि आता मावशी त्याला घरचा पियानो जुळवायला बोलावत होती. वर्षानुवर्षं त्या पियानोवर माझा प्रिंटर बसलेला.

तो सोमवारी आला, मंगळवारी आला. मी स्क्रीन बंद करून बसायचे. जिन्यावर त्याची पावलं वाजली की मी दचकायचे... आणि वाजली नाहीत तर जिन्याकडेच कान लावून बसायचे.

“काय करता तुम्ही?” त्याने विचारलं.

“चित्रं विकते. नसलेल्या माणसांची.”

“मग माझं नको. मी आहे.”

तो हसला. मला हसू आलं नाही.

बुधवारी त्याने मला पियानोची एक पट्टी दाबून धरायला सांगितली. तारेचा आवाज विरत गेला. “अजून आहे,” तो डोळे मिटून म्हणाला.

“मला नाही ऐकू येत.”

“श्वास रोखलाय ना तुम्ही. तेही ऐकू येतंय.”

मान तशीच कललेली. हा माणूस शुक्रवारी काम गमावणार, आणि मी पट्टी दाबून बसले होते. बोलले तर तो जाणार. गप्प राहिले तर...

मी उठून स्क्रीन सुरू केली. एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला चित्र. “मी केलंय.”

त्याने वाकून दोन्ही चेहरे पाहिले. “चेहरा बदलता आला असता?”

“आला असता.”

“मग?”

“बदलावासा वाटला नाही... आवडला होता.”

त्याने हत्यारं पिशवीत भरली. पियानो अर्धाच जुळला होता.

गुरुवारी सकाळी मी तीन पत्रं लिहिली. वेबसाइटला: खूण खोटी होती, चित्र काढा. दवाखान्याला: पोस्टर उतरवा. मुख्य बाईंना: दोन्ही चित्रं जोडून, खाली सही करून. दुपारपर्यंत माझं खातं बंद झालं. दोन वर्षांची चित्रं गेली. संध्याकाळी पोस्टर उतरलं. शाळेकडून मात्र काहीच नाही.

शुक्रवारी समोरची खिडकी बंदच होती. मावशीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि चक्क हळू आवाजात म्हणाली, “अर्धं काम टाकून जाणाऱ्यातला वाटत नाही गं तो.” मला ते खरं मानायचीही भीती वाटत होती.

शनिवारी पावसाची भुरभुर होती. गल्लीपलीकडून, शाळेच्या खिडकीतून एकच सूर आला. पुन्हा तोच, किंचित वर. मी खिडकीची कडी काढली. कुरकुरू नये म्हणून अगदी हळू.

तो पियानोवर वाकला होता. मान डावीकडे, डोळे मिटलेले. मी हललेही नाही.

“पुढच्या वेळी फोटो काढायचा असेल,” डोळे न उघडताच तो म्हणाला, “तर आधी हाक मार. ऐकू येतं मला.”