आता विचारा, वकीलसाहेब

नवनगरच्या स्टॉपवर हुबळी-धारवाडची ती जलद चिगरी बस थांबली, आणि उतरता उतरता कुणाची तरी पिशवी फाटून टोमॅटो थेट मुकुलच्या बुटांवर. पिशवीची मालकीण मात्र हसत उभी. "तेवढे उचलून द्या की हो," ती म्हणाली. बाहेर झिमझिम पाऊस, तिच्या केसांवर थेंब अडकलेले... हुबळीच्या कोर्टात नुकतीच वकिली सुरू केलेला आमचा हा शहाणा, काळा कोट सांभाळत टोमॅटो गोळा करत बसला. उठून बघतो तर — काय सांगावं — गडी तिथंच कामातून गेला.

तिचं नाव सावनी. बोलणं अस्सल धारवाडी मराठी, पासपोर्ट न्यूझीलंडचा. जन्म तिकडचा; भाषा वडिलांनी तरुणपणी इथून नेलेली, ती घरात तशीच्या तशी जपलेली. नवनगरातल्या तिच्या हेमावतीआत्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती आली होती. आत्या टुणटुणीत चालायला लागल्या, तरी हिचा पाय काही निघत नव्हता.

मग काय, मुकुलला रोज नवनगरातच काम निघायला लागलं. आत्यांकडे चहा, चुरमुऱ्यांचं गिरमिट, गरम मिरची भजी. ती कन्नड शिकायची, तो चुका काढायचा, आणि ती मुद्दाम त्याच चुका पुन्हा करायची. कप देता-घेता बोटाला बोट लागलं की दोघंही घाईघाईनं चहात साखर कमी आहे असं म्हणायचे.

एका संध्याकाळी तिनं सहज सांगितलं, व्हिसा संपत आलाय, मुदत वाढवून घ्यायचीय. मुकुलनं आत्यांना विचारलं, परदेशी पाहुणा घरी उतरला की लगेच पोलिसांत कळवावं लागतं, ते कळवलं होतं ना? आत्यांना रागच आला.

"माझ्या भावाची पोर ती. तिला परदेशी म्हणून पोलिसांत सांगून येऊ?"

भाची आली म्हणून त्यांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते. कळवायचं तिथं तेवढं राहून गेलं होतं.

मुकुलनं जिवाचं रान केलं. खुलासे दिले, खेटे घातले. भारतीय वंशाचं कार्ड काढावं, तर वडिलांचे जुने कागद कधीच गहाळ झालेले. शेवटी उत्तर आलं — मुदतवाढ नाही, महिनाअखेर देश सोडावा.

एक वाट उरली होती. भारतीयाशी लग्न केलं तर इथं राहण्यासाठी अर्ज करता येतो. मुकुलला तो नियम तोंडपाठ होता. ओठांवर यायचा आणि हा गिळून टाकायचा. आत्ता विचारलं तर तिला वाटेल, उपकार करायला निघालाय. आणि ती हो म्हणाली तर? ते हो आपल्यासाठी की व्हिसासाठी, हे जन्मभर कुणाला विचारत बसायचं? जीव तर तिच्यात असा अडकलेला, की कोर्टात साहेबांनी नाव पुकारलं तरी याला ऐकू येत नव्हतं.

एकदा तिनंच विषय काढला. गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढता काढता म्हणाली, "दुसरा काहीच उपाय नाही?"

"आहे एक... पण तो गरजेपोटी करायचा नसतो."

तिनं दोरीवरचा शेवटचा टॉवेल ओढून काढला. मग "कळलं" म्हणून कपडे घेऊन आत गेली. काय कळलं, या विचारानं मुकुलला जेवण गोड लागेना.

जायचा दिवस उजाडला. हुबळी स्टेशनवर बेंगळुरूची दुपारची गाडी उभी. आत्या बाकावर पदर डोळ्यांना लावून बसलेल्या. सावनीनं त्याला डब्याच्या दाराशी बोलावलं.

"आता कुठल्याच उपायानं मला थांबता येणार नाही ना?"

"नाही. मुदत संपली."

"म्हणजे आता मी हो म्हटलं तरी मला त्यातून काही मिळायचं नाही."

"सावनी, तुम्ही —"

"मलाही तीच भीती होती," ती म्हणाली. "तुम्ही विचाराल, मी हो म्हणेन, आणि तुम्हाला वाटेल व्हिसासाठी म्हणाली. म्हणून रोज वाट बघायची, आणि रोज देवाला सांगायची, आज यांना विचारू देऊ नको... आता विचारा, वकीलसाहेब."

कोर्टात तासभर बोलणाऱ्या माणसाला चार शब्द जुळवता येईनात.

"माझ्याशी... लग्न करशील?"

"करेन की." डोळे भरलेले, तरी हसली. "आता जाते. तिकडून रीतसर येईन. तुझी म्हणून येईन."

तिनं पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हटलं होतं. गाडी हलली. या सगळ्या कागदपत्रांना किती महिने लागतात हे मुकुलला चांगलंच ठाऊक होतं. त्यानं ते तिला सांगितलं नाही. तिचा हात धरून तो गाडीबरोबर चालत राहिला, आणि ती म्हणत राहिली, "सोड की आता... पडशील."