दिनूच्या छातीतली होडी

"हे कुणी खरं मानणार नाही," नाना खुर्चीत मांडी घालत म्हणाले, "पण मी सनईवाल्या दिनू गुरवाच्या छातीत होडी चालवून आलोय."

शाल्मलीने मानही वर केली नाही. नातीसाठी नाना रोज काहीतरी फेकायचेच. आज तिला कशातच रस नव्हता. शाळेत खो-खो शिकवणाऱ्या ठोंब्या नावाच्या यंत्रमानवाने तिला पहिल्या तुकडीतून काढून राखीव खेळाडूंत बसवलं होतं. पळताना तिला धाप लागली होती आणि छातीत मांजर गुरगुरावं तसा आवाज येत होता. सामने महिन्यावर आले होते.

"मी तर चांगली होते," ती पुटपुटली. "इतकी चांगली, की दम्याचा पंपही बंद केला होता. मग दमा परत आला कसा?"

"कोणता पंप बंद केलास?"

"रोजचा. शेजारच्या कुमुदकाकू म्हणाल्या, रोज घेतला की अंगवळणी पडतो, मग खऱ्या गरजेला लागू पडत नाही. म्हणून जपून ठेवलाय. आईच्या चांदीच्या भांड्यांशेजारी."

नानांच्या मिशा थरथरल्या. हसू दाबलं की त्या अशाच थरथरायच्या. आयुष्यभर त्यांनी डोळ्यांना न दिसणारी यंत्रं बनवली होती, त्यामुळे त्यांच्या थापाही अगदी बारीक कोरलेल्या असायच्या.

"दिनूनेही त्याचा रोजचा पंप सनईच्या पेटीत जपून ठेवला होता. म्हणून तर मला जावं लागलं. होडी मोहरीतून कोरलेली. मला लहान करणारं यंत्र तेव्हा चालू होतं, हल्ली दुरुस्तीला दिलंय. दिनूने श्वास ओढला, आणि मी सर्रकन श्वासनलिकेत, म्हणजे हवा आत-बाहेर नेणाऱ्या नळीत. तिला फाटे, फाट्यांना फाटे. बारीक फाट्यात शिरलो तर भिंती लालबुंद, सुजलेल्या, चिकट. आणि बाहेर दिनू मजेत सनई वाजवतोय."

"त्याला कळत नव्हतं?"

"कसं कळणार? होडीत मी होतो. दम्यात त्रास वाटत नसला तरी आत सूज असू शकते. तेवढ्यात कुणीतरी धूप पेटवला. भिंतींभोवतीचे स्नायू करकचून आवळले आणि माझी होडी अडकली. दिनूने खिशातला दुसरा, धाप लागली की घ्यायचा अडीअडचणीचा पंप ओढला. स्नायू सैल झाले, काही मिनिटांत वाट मोकळी."

"मग झालं की."

"पट्टा सैल केला म्हणून माझं पोट कमी होतं का? स्नायू सैल झाले, सूज तिथेच. ती उतरवायचं काम रोजच्या पंपाचं. ती उतरते सावकाश, आणि बंद केला की पुन्हा चढू शकते."

शाल्मली आता खुर्चीजवळ सरकली होती. "आणि रोज घेतला की अंगवळणी पडतो ते?"

"खो-खोचा सराव रोज करतेस ना? की सामन्यासाठी जपून ठेवतेस?"

ती हसली. "काकू म्हणतात, त्यात स्टेरॉइड असतं, पैलवान घेतात ते कडक औषध."

"पैलवानांचं वेगळं. हे कणभर असतं आणि थेट फुप्फुसात जातं. तोंडात राहिलेलं जावं म्हणून नंतर चूळ भरून थुंकायची. संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊ. कधी, किती घ्यायचं, कमी करायचं का, हे ते ठरवतील. काकू नाही, मीही नाही. खेळायचं मात्र सोडायचं नाही."

शाल्मली उठली आणि कपाटाकडे निघाली. चांदीच्या वाट्यांचा खणखणाट झाला. नानांना एवढा चांगला श्रोता सोडवेना. ते तिला ऐकू जाईल अशा आवाजात पुढे सांगू लागले.

"मग दिनूने पेटीतून रोजचा पंप काढला आणि एकदाच ओढला. काय सांगू तुला, डोळ्यांदेखत सूज उतरली, भिंती गुलाबी झाल्या, होडी सुसाट सुटली, आणि त्याच संध्याकाळी त्याची सनई तीन गावांना..."

शाल्मली पंप हातात घेऊन दारात उभी होती.

"खोटं, नाना. एकदा ओढून सूज उतरत नाही. बरं वाटत असलं तरी रोज घ्यावा लागतो, तेव्हा कुठे ती सावकाश उतरते. तुम्ही खरंच आत गेला असतात, तर भिंती गुलाबी झालेल्या बघायला काही आठवडे तिथेच मुक्काम करावा लागला असता. आणि सामन्यांआधी माझ्याकडे तेवढे आठवडे आहेत."