चाळिसावा माणूस

घोडेगावच्या बैलबाजारातून दिशाला मिळवायचा होता तो फक्त चाळिसावा माणूस. एकोणचाळीस जमले होते. शनिवारपर्यंत चाळीस भरले, की तिच्या मार्गदर्शक मोनिका मॅडम तिचं नाव बंगळूरच्या प्रयोगशाळेत पाठवणार होत्या. तिथे माणसाला यंत्रात निजवतात आणि दुसऱ्याचं हसू पाहताना त्याच्या मेंदूत कुठे काय जागं होतं, ते पडद्यावर दिसतं. दोन वर्षांचं काम, जागा एकच. त्यामुळे त्या शुक्रवारी समोरचा माणूस कसा आहे, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. दोन हात आणि एक चेहरा असला की झालं.

बैलांची दलाली करणाऱ्या कानिफनाथला मिळायचा होता एक फुकट चहा.

एवढ्याशा फायद्यासाठी माणसं समोरासमोर बसतात आणि मग...

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका गिऱ्हाइकासमोर उभा होता. दोघांचे हात उपरण्याखाली. या बाजारात बैलाचा भाव बोलून नाही, उपरण्याखाली बोटं दाबून ठरतो. आजूबाजूला पन्नास डोळे दलालाच्या तोंडाकडे लागलेले असतात, म्हणून तोंडावर काही उमटू द्यायचं नाही. कानिफनाथ नऊ वर्षं वडिलांकडून, श्रीमंतरावांकडून, हेच शिकला होता. त्याच्या पायावर बैलाने पाय दिला, तरी बाजाराला पत्ता लागत नसे.

"दहा मिनिटं गप्पा मारायच्या," दिशा म्हणाली. "व्हिडिओ काढणार आहे. चालेल?"

"कशाच्या गप्पा, मॅडम?"

"कशाच्याही."

"कशाच्याही गप्पांना लोक पैशे देत्यात व्हय आता?"

"पैसे नाही. चहा."

"मंग रतनबाईच्या टपरीवर बसू. तिथं चहा कमी आन् गप्पा जास्ती मिळत्यात."

रतनबाईंनी दोन पेले ठेवले आणि कानिफनाथकडे बघून डोळे बारीक केले. "सकाळपासनं सगळा बाजार हिला ताई म्हनतो. तूच मॅडम का म्हनतो रं?"

कानिफनाथ चहा फुंकत राहिला. चेहरा – कोरा.

मोबाईल स्टँडवर लागला. दिशाचं काम ठरलेलं होतं. बोलता बोलता मधूनच कानाला हात लावायचा, भुवई खाजवायची, हनुवटी तळव्यावर टेकवायची. समोरचा माणूस नकळत तेच करतो. किती वेळा करतो, ते नंतर व्हिडिओत मोजायचं. एकोणचाळीस जणांनी इमानदारीत केलं होतं. शेवगावच्या एका हेडमास्तरांनी तर तिच्याहून जास्त कान खाजवला होता.

तिने कानाला हात लावला. कानिफनाथ म्हणाला, "बैलाचं वय दातावरनं कळतं. मानसाचं कशावरनं, सांगा?"

"कशावरून?"

"वय इचारलं की लाजतो का, त्याच्यावरनं."

ती हसली. हसायचं ठरलेलं नव्हतं. भुवई खाजवली. तो हलला नाही. बोलता बोलता त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबले होते आणि बाकड्यावर पुढे-मागे झुलत होता... मागे तांबड्या बैलाच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती, हिवाळ्याचं ऊन पेंढीच्या वासासारखं कोमट होतं. दहा मिनिटं कधी संपली, ते तिला मोबाईलच्या शिट्टीनेच कळलं.

स्टँड मिटताना चिमट्यात तिचं बोट सापडलं.

"स्स – आई गं!"

हे ती नव्हे, कानिफनाथ ओरडला. आणि स्वतःचंच बोट झटकत उभा राहिला.

त्याने आधी स्वतःचं बोट पाहिलं, मग तिचं.

"लागलं मला," दिशा म्हणाली, "ओरडलात तुम्ही."

"व्हय की. असं कसं झालं?"

मग तिने त्याला सगळं सांगितलं. समोरच्याचा हात हलताना पाहिला, की पाहणाऱ्याच्या मेंदूतला हात हलवणारा भागही थोडा जागा होतो. दुखण्याचंही तसंच. लागलेलं दुसऱ्याला असतं, पण दुखणं जाणवून देणारे काही भाग आपल्याही डोक्यात हलतात.

"म्हंजी मेंदू दुसऱ्याच्या घरात डोकावतो."

"नुसता डोकावतो, की राहायलाच जातो, यावर शास्त्रज्ञांची अजून भांडणं चालू आहेत."

"त्यांना म्हनावं, घोडेगावला या," कानिफनाथ म्हणाला. पण कॅमेरा बंद झाला होता. ते ओरडणं कुठल्याच रकान्यात भरता येणार नव्हतं.

नगरच्या एसटीत खिडकीशी बसून तिने व्हिडिओ लावला. कानिफनाथने तिची नक्कल केलेली – शून्य वेळा. ठीक. शून्यही चालतं. मग तिची नजर व्हिडिओतल्या दुसऱ्या माणसावर गेली.

चौथ्या मिनिटाला दिशाने आपले हात मांडीखाली घातले होते. पाचव्याला ती झुलू लागली. पुढे पाच मिनिटं कान नाही, भुवई नाही, हनुवटी नाही. दोघं एका लयीत झुलत होते, जत्रेतल्या पाळण्यासारखे. आणि आठव्या मिनिटाला एक आवाज स्वच्छ म्हणत होता, "न्हाई हो, लई भारी हाय हे!" तो आवाज तिचाच होता.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाही का गं?"

नियम स्पष्ट होता. विचारणारीच नक्कल करायला लागली, तर ते रेकॉर्डिंग रद्द. कारण लिहून द्यायचं आणि तिची आधीची सगळी रेकॉर्डिंग दुसऱ्या कुणीतरी पुन्हा तपासायची. त्याला दोन महिने. शनिवार तर उद्यावर आला होता. पुसून टाकायला एक बोट पुरत होतं. सकाळी घराशेजारच्या काकूंना बसवलं, की चाळीस पूर्ण. बंगळूर पक्कं.

बोट पडद्यावर बराच वेळ राहिलं. मग तिने मोबाईल पर्समध्ये टाकला.

"मला न सांगता पुसता आलं असतं," सकाळी मोनिका मॅडम म्हणाल्या.

"आलं असतं."

"मग?"

"मग तिथे जाऊन लोकांच्या मेंदूतलं खरं कुठल्या तोंडाने शोधायचं, मॅडम?"

मॅडमनी चष्मा पुसला आणि ओमचं नाव पाठवलं. ओम हा तिच्याबरोबर काम करणारा नीटनेटका, अजिबात न हलणारा मुलगा होता. दिशाला पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या.

रेकॉर्डिंग रद्द झाल्याचं त्या माणसाला कळवायचं असतं. फॉर्मवर त्याचा फोन नंबर होता. तरी पुढच्या शुक्रवारी दिशा साठ रुपयांचं तिकीट काढून घोडेगावला उतरली.

कानिफनाथ कामात होता. खिलारी जोडी उभी होती, गिऱ्हाईक तयार होतं, श्रीमंतराव पाठीमागे पहाऱ्याला. तरी तो दोन मिनिटं म्हणून टपरीवर आला.

"माझं किती भरलं?"

"शून्य."

"आन् तुमचं?"

तिने पेला खाली ठेवला. "मोजायचं सोडून दिलं... रद्द झालं ते. बंगळूरही गेलं."

"माझ्यामुळं?"

"माझ्यामुळे. तुम्ही तर दगडासारखे बसला होता."

कानिफनाथ जरा पुढे झुकला. मग हळूच म्हणाला, "हात मांडीखाली का दाबले हुते, इचारलं न्हाई तुमी. पहिल्यांदा कानाला हात लावला ना तुमी, तवाच माझा हात उठला हुता. म्हटलं, ही पोरगी आपल्याला वाचती. आमच्या धंद्यात वाचला गेला तो बुडाला. म्हनून दाबून बसलो. दहा मिनिटं... मुंग्या आल्त्या हाताला."

"आणि आज?"

"आज काय?"

"आज कॅमेरा नाही. मोजणारं कुणी नाही."

त्याने हात मांडीखालून काढून मोकळे बाकड्यावर ठेवले. सगळा बाजार बघत होता. गिऱ्हाईक बघत होतं, श्रीमंतराव बघत होते.

दिशाने सावकाश कानामागे केस सारले.

कानिफनाथचा हात उठला – तसाच, सावकाश – आणि नसलेले केस कानामागे सारू लागला. ती हसली. मग त्यालाही हसू फुटलं. नऊ वर्षं न हललेला चेहरा कानापासून कानापर्यंत हलला.

"दिशा..." तो म्हणाला. मॅडम नाही, ताई तर नाहीच. "ह्यो चेहरा आता परत बसायचा न्हाई. तूच ठिवून घे."

"ठेवते," ती म्हणाली. "पण परत मागायचा नाही."

"न्हाई."

रतनबाईंनी तोंडाला पदर लावला. गिऱ्हाइकाने मात्र दलालाचं हसू पाहिलं, हा आज खुशीत आहे असं ताडलं आणि सौदा पुन्हा सुरू होताच उपरण्याखाली दोन बोटं कमी दाबली. तेवढ्या भावात न विकता बैलांचा मालक खिलारी जोडी घेऊन घरी निघून गेला. श्रीमंतराव कपाळाला हात लावून बसले. त्यांचं बघून टपरीवरच्या आणखी दोघांचे हात कपाळाला गेले.

तर एकूण असं झालं. दिशाने बंगळूर दिलं. कानिफनाथने चेहरा दिला आणि त्या दिवसाची दलालीही. दोघांनीही देण्याआधी भाव विचारला नाही, याचंच श्रीमंतरावांना पुढे या दोघांच्या लग्नाच्या मांडवातसुद्धा वाईट वाटत होतं.