वीस नंबरच्या खोलीचं कुलूप

हे सगळं सुरू झालं एका मंगळवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. वेळ पक्की ठाऊक आहे, कारण ऋतिकाने नेमकं तेव्हाच मोबाईलकडे पाहिलं होतं. नेहलला झोपवून जेमतेम पाच मिनिटं झाली होती. सहा महिन्यांची पोर, दात येत होते, सारखी किरकिर. आता कुठे डोळा लागला होता, आणि दारात सर्वेवाला उभा.

नायगाव पूर्वेला खाडीच्या अंगाला ती बैठी चाळ होती. एकवीस खोल्या, वर पत्रे, पुढे उघडं गटार. भरतीला खारट, कुजका वास थेट चुलीपर्यंत यायचा. सरकारी योजनेत ही चाळ पडणार होती आणि तिथल्या माणसांना हप्त्याने परवडतील अशी पक्की घरं मिळणार होती. म्हणून कोण राहतं, कोण नाही, ते दारोदार लिहून घेत होते.

सर्वेवाल्याचं नाव हार्दिक. हातात टॅब, पायाशी लाल रंगाचा डबा. ऋतिकाच्या दारावर त्याने एकवीस नंबर टाकला, तिचे कागद चाळले आणि मान हलवली.

"मॅडम, कागद कच्चे आहेत तुमचे."

"मग... आमचं नाव नाही येणार?"

"बघू. खोल्या एकवीस, या चाळीच्या वाट्याला घरं वीस. एखादी खोली बंद निघाली तर होऊन जाईल तुमचं." सहज बोलला तो. मग शेजारच्या दाराकडे वळला. "हे वीस नंबर. कुलूप आहे. कोण राहतं इथे?"

वीस नंबरला मार्थामावशी राहायची. मूळची वसईच्या पाचूबंदरची, सुकी मासळी विकायची, एकटी होती. पहाटे टोपली घेऊन निघायची आणि दुपारी येऊन झोपायची. पोरंटोरं दार वाजवून झोपमोड करतात म्हणून तिने एक रीत पाडली होती. पुढच्या दाराला बाहेरून भलंथोरलं पितळी कुलूप घालायचं, मागच्या मोरीच्या दाराने आत शिरायचं आणि आडवं व्हायचं. चाळीत हे सगळ्यांना माहीत. ऋतिकाला तर भिंतीपलीकडून तिचं घोरणंही ऐकू यायचं.

'आहेत, आत झोपल्यात.' एवढंच म्हणायचं होतं. पण ओठांवर भलतंच आलं.

"हल्ली... कुणी दिसत नाही."

तेवढ्यात भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला. हार्दिकने मान वर केली. "कोण खोकलं?"

"माझी मुलगी," ऋतिका म्हणाली.

त्याने कागद पुढे केला. "पंच म्हणून सही करा." कागदावर लिहिलं होतं, खोली क्रमांक वीस बंद, आत कोणी राहत नाही. ऋतिकाने सही केली. शाळेत गिरवली होती तशीच, गोल आणि स्वच्छ.

यादी लागली तेव्हा एकवीस नंबर पात्र होता, वीस नंबर अपात्र. ऋतिकाचा नवरा कौस्तुभ वसईला वर्कशॉपमध्ये लेथवर होता. तो पेढे घेऊन आला. ऋतिकाने आपला पेढा कागदात गुंडाळून फळीवर ठेवला.

मार्थामावशी पाच वेळा ऑफिसात जाऊन आली. दर वेळी परत आली की ऋतिकाच्या उंबऱ्यावर बसायची.

"मी तं आतच व्हती गो पोरी. कुनी सांगितलं त्यांना, कोन नाय म्हनून?"

"कोण जाणे, मावशी."

"जाऊ दे. कुनाला तरी बरं झालं आसल." मग पदराआडून सुक्या जवळ्याची पुडी काढून ठेवायची. "तू खा. पोरीला दूध नाय पुरत तुझं."

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ऋतिकाला फार वाटायचं. ती पुडी मात्र ती घ्यायची. दर वेळी घ्यायची.

चाळ पडली. मावशी अर्नाळ्याकडे कुणाच्या तरी भाड्याच्या खोलीत गेली. तिथेही रीत तीच. पावसाळ्यात एका दुपारी झोपली ती उठलीच नाही. ओळखीची माणसं यायची, कुलूप बघायची, 'गेली असेल कुठे' म्हणून परत जायची. चौथ्या दिवशी वास सुटला तेव्हा कुणीतरी कुलूप तोडलं.

ऋतिकाला ही बातमी नव्या घरात कळली. नववा मजला, नऊशे चार नंबर. नव्या लाद्या, भिंतींना अजून चुन्याचा वास. कौस्तुभ म्हणाला, "वाईट झालं गं म्हातारीचं." ऋतिका पीठ मळत होती. तिने त्याला सहीचं कधीच सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही.

नेहल तीन वर्षांची झाली, आणि मग एका सोमवारी मोबाईलवर मेसेज आला. घर बंद असल्यामुळे गॅस सिलेंडर परत नेला आहे. ऋतिका सकाळपासून घरातच होती, दारही उघडं होतं. गॅसवाले आळशी, तिने मनाशी म्हटलं. मग कुरिअरवाला तसंच सांगून गेला. मग पाण्याच्या मीटरवाला.

पोलिओच्या डोसचा रविवार आला. ऋतिका मुद्दाम उघड्या दारात नेहलला मांडीवर घेऊन कोथिंबीर निवडत बसली. डोस देणारी आशाताई जिन्याने वर आली. ऋतिका हसली, "या ताई." आशाताईने समोर पाहिलं. अगदी ऋतिकाच्या चेहऱ्याच्या जागी पाहिलं. मग हात पुढे करून हवेतच काहीतरी हलवून बघितलं. खणखण आवाज झाला. धातूवर धातू.

"ताई... मी इथेच आहे."

आशाताईने खडू काढला, चौकटीशेजारी भिंतीवर बंद घराची फुली मारली आणि खाली उतरली. ऋतिका नेहलला कडेवर घेऊन धावली आणि तिला थेट गेटपाशी गाठलं.

"अगबाई, तुम्ही कुठून आलात? तुमच्या दाराला तर कुलूप आहे. मी हलवून पाहिलं ना!"

"कसलं कुलूप?"

"पितळी. जुनं, मोठं. हिरवं पडलेलं."

ऋतिकाच्या दाराला साधं लॅच होतं.

त्या इमारतीत एक नियम होता. घर ज्याला दिलं त्याने स्वतः राहायचं. तपासणीला तीनदा घर बंद सापडलं तर ते काढून घ्यायचं आणि प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला द्यायचं. ऋतिकाच्या दारावर दोन नोटिसा लागल्या. दोन्ही वेळा ती आत होती, आणि दोन्ही वेळा कागद बाहेरून चिकटवल्याची चरचर तिने ऐकली होती. दार उघडं असताना.

प्रतीक्षा यादीत पहिलं नाव कुणाचं होतं, तेही तिला ठाऊक होतं. शेजारच्या नऊशे तीनमध्ये ग्लोरिया राहायची. नवरा थॉमस बोटीवर नोकरीला, त्यामुळे एकटीच. येता-जाता थांबून बोलायची. "माझ्या टिफनीचा नंबर पहिलाच आहे गं यादीत. धाकटी बहीण माझी. मीरा रोडला भाड्याने राहते, घरमालक छळतो बिचारीला. कुणाचं तरी रद्द झालं की तिला लागेल."

कौस्तुभला नोटिसा दाखवल्या तर तो हसला. "दाराबाहेर खुर्ची टाकून बस की राणीसारखी! कोण बंद म्हणेल बघतो."

तिसरी तपासणी गुरुवारी अकराला होती. ऋतिकाने खरंच बाहेर खुर्ची टाकली. दार सताड उघडं, आत नेहल भातुकली मांडून बसलेली, नजरेसमोर. लिफ्ट उघडली आणि हार्दिक बाहेर आला. तोच, जरा सुटलेला. ऋतिका उठून दोन पावलं पुढे गेली.

"या ना. घर उघडंच आहे."

त्याने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. "उघडं कुठेय मॅडम? कुलूप आहे."

ती वळली, आणि या वेळी तिलाही दिसलं. दार बंद. कडीला पितळी कुलूप, कडांना हिरवी बुरशी. पॅसेजमध्ये सुक्या मासळीचा वास दाटला.

"आई... दार उघड ना," आतून नेहल म्हणाली.

ऋतिकाने कुलूप ओढलं. ते गार होतं, ओलं होतं. "साहेब, मुलगी आत आहे माझी! ऐकू येतंय ना?"

"मला तर काहीच ऐकू येत नाही." हार्दिकने घाम पुसला. "शेजारी कुणी आहे का? पंच लागेल मला."

ग्लोरिया दारात आलीच होती, हातात पिळलेला टॉवेल. हार्दिकने विचारलं, "या इथे राहतात का?"

ग्लोरियाने ऋतिकाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "राहत नाहीत हो. अधूनमधून येतात."

"ग्लोरिया... काल माझ्याकडून कढीपत्ता नेलास गं..."

ग्लोरियाने मान वर केली नाही. ऋतिकाला तिचा राग आला नाही. त्या झुकलेल्या मानेत काय असतं ते तिला चांगलं माहीत होतं. ग्लोरियाने सही केली.

आत नेहल आता रडायचीही थांबली होती. नुसता दारावर नखांचा आवाज येत होता. आणि मग खोकला. लहान मुलीचा नव्हे.

घर जाईल तर जाईल, असं तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं. "साहेब, लिहून घ्या," ऋतिका म्हणाली. "जुन्या चाळीत वीस नंबरला मार्थामावशी होत्या. तुम्ही आलात तेव्हा आतच होत्या. खोकला त्यांचा होता. माझी मुलगी झोपली होती. मी खोटी सही केली. घर मिळावं म्हणून केली. लिहा... त्या आत होत्या. आत माणूस होतं."

हार्दिकने टॅब काखेत धरला आणि कागद काढला. त्याने लिहिलं, तिने सही केली. मान वर केली तर दार उघडं होतं, जसं सकाळपासून होतं. उंबऱ्यावर नेहल बसली होती, गालांवर सुकलेले ओघळ. "किती हाका मारल्या मी तुला," ती म्हणाली.

"तुमचं प्रकरण आता चौकशीला जाईल," हार्दिक म्हणाला आणि लिफ्टची वाट न पाहता जिन्याने उतरला.

रात्री ऋतिकाने कौस्तुभला सगळं सांगितलं. त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "तो जवळा मीपण खाल्लाय गं."

हे इथे संपलं असतं. पण सोमवारी सकाळी ऋतिका कचरा ठेवायला बाहेर आली आणि नऊशे तीनच्या दाराला तिला ते कुलूप दिसलं.

आत कुकरची शिट्टी झाली.

"ग्लोरिया?"

"ये ना गं," आतून आवाज आला. "दार उघडंच आहे."

"तू बाहेर ये. आत्ताच्या आत्ता."

चपला वाजत दारापर्यंत आल्या. "ही काय, आले. समोरच तर उभी आहे तुझ्या. अशी काय बघतेस?" आवाज ऋतिकाच्या अगदी तोंडाजवळून येत होता. मध्ये फक्त कुलूप. ऋतिकाला निदान बाहेर पडता येत होतं. ग्लोरियाला तेही येत नव्हतं, आणि ते तिला कळतही नव्हतं.

कौस्तुभने पान्याने कुलूप तोडलं. आत कुणी नव्हतं. कुकर गरम, दोरीवर ओला टॉवेल, टीव्ही चालू. दोघं घाबरून बाहेर आले, दार लोटलं, तर कुलूप जागच्या जागी. आतून ग्लोरिया हसली, "अशी दारातून काय पळालीस गं?"

टिफनीला फोन केला. ती म्हणाली, "ताई नवऱ्याला भेटायला गेली असेल हो," आणि लगेच विचारलं, "नऊशे चारचं काय ठरलं?" थॉमसचा फोन लागत नाही. पोलीस आले, कुलूप पाहून गेले.

आपलं दार खरं लिहून दिल्यावरच उघडलं होतं, हे आठवून ऋतिका हार्दिकच्या ऑफिसात गेली. "ग्लोरिया घरातच आहे. मी पंच व्हायला तयार आहे. द्या, सही करते."

हार्दिकने तिच्याकडे पाहिलंच नाही. "तुमची सही नाही चालणार. खोटी सही केल्याचं तुम्हीच लिहून दिलंय. तुमच्या मिस्टरांचीही नाही चालणार. दुसरा माणूस आणा."

तिने इमारतीतली सगळी दारं वाजवली. सोळा मजले. सगळे जुन्या चाळींमधून आलेले, सगळ्यांच्या घरांचे सर्वे झालेले. पंच व्हायचं म्हटलं की एकेक मान खाली जात होती. एक आजोबा दार लावता लावता हळूच म्हणाले, "पोरी, मलाच विचारू नकोस."

ग्लोरिया अजून आत आहे. हाक मारली की ओ देते. पण काल तिने विचारलं, माझ्या घरात ही मासळीची टोपली कोणी आणून ठेवली? आणि कुकरची शिट्टी काल झाली नाही.

तेव्हा वाचणाऱ्यांना एवढीच विनंती. ज्याने आजवर एकही खोटी सही केलेली नाही असं एक माणूस हवं आहे. नायगाव पूर्वेला खाडीकडची इमारत, नववा मजला, नऊशे तीन. दारापुढे उभं राहून, आत माणूस आहे, एवढं मोठ्याने म्हणायचं आणि सही करायची. स्वतः यायला जमत नसेल तर का जमत नाही, ते कुणी विचारणार नाही. फक्त पुढच्याला सांगा.