गाऱ्हाण्यातलं नाव

“रघूदादा, थांबा. ह्या गाऱ्हाण्यात माझं नाव घेऊ नका.”

ज्ञानेश्वरीचा आवाज चढला नव्हता... तरीही ढोलकऱ्याचा हात हवेतच राहिला. अंगणात ग्रामदेवीची पालखी उभी होती, आतली देवीची चांदीची रूपं दुपारच्या उन्हात अशी तळपत होती की नजर ठरत नव्हती, गुरव रघूच्या हातात घरचा नारळ होता. आणि जयगडच्या खाडीकाठच्या त्या वाडीत कुणा सुनेने शिमग्याच्या दिवशी देवीसमोर असा शब्द काढल्याचं कुणालाच आठवत नव्हतं!

त्या घराची रीत जुनी होती. पालखी अंगणात आली की पुढचा दांडा घरातल्या थोरल्याने खांद्यावर घ्यायचा, गुरवाने घरच्या प्रत्येक माणसाचं नाव वयाच्या क्रमाने घेऊन देवीला गाऱ्हाणं घालायचं, आणि ते पुरं होईपर्यंत पालखी खाली टेकवायची नाही. परगावी असलेल्यांचीही नावं घ्यायची. ज्ञानेश्वरीचा थोरला दीर बाळा ती नावं रघूला सांगून ठेवी... आणि दरसाल त्यांतून एक नाव राहून जाई. नीमाचं.

नीमा ज्ञानेश्वरीची लेक. नवरा सुजय आफ्रिकेत दार-ए-सलामच्या बंदरात क्रेन चालवत होता, तेव्हा तिथल्या एका अनाथाश्रमात त्या इवल्याशा पोरीने ज्ञानेश्वरीच्या पदराचं टोक मुठीत धरलं ते सोडलंच नाही. किती वर्षांचं रितेपण त्या चिमुकल्या मुठीने भरून काढलं! तिथल्या कोर्टाने रीतसर ती त्यांच्या ओटीत घातली. गावी परतल्यावर नातलगांनी सुचवलं, आता एखादं आपल्यातलं नाव ठेवा. ज्ञानेश्वरीने ऐकलं नाही. पोरीने आपलं म्हणून एवढंच तर बरोबर आणलं होतं, तेही काढून घ्यायचं?

वाडीने नीमाला आपलंसं केलं होतं, म्हणजे आपल्या परीने. मासे विकणारी गंगा पहिल्यांदा तिच्याशी हिंदीत बोलली आणि भावही परक्याचा सांगितला, तेव्हा नीमाने बांगड्याचे कल्ले उघडून पाहिले आणि म्हणाली, “मावशी, परवाचा हाय ह्यो. मांजरीला नेते, कितीला देताव?” गंगा ती गोष्ट अजून गिऱ्हाइकांना हसत हसत सांगते.

बाळाचाही जीव होता तिच्यावर. होडी वल्हवायला त्यानेच शिकवलं, फणस फोडला की पहिले गरे तिच्याच हातावर पडत. म्हणूनच ते राहून जाणारं नाव ज्ञानेश्वरीच्या काळजात अधिक खोल रुते. परक्याने दुखावलं तर दार लावून घेता येतं. घरच्याने दुखावलं तर त्याच्याच पानात वाढावं लागतं...

ती गप्प राहिली होती. घर दुभंगू नये म्हणून, सुजयला भावासमोर उभं ठाकावं लागू नये म्हणून. पण गेल्या शिमग्याला पालखी पुढे गेल्यावर, अंगणातल्या नारळाच्या करवंट्या गोळा करता करता नीमाने विचारलं होतं, “आई, मी ह्या घरात हाय, हे देवीला कुणी सांगितलंच नाय का गो?” आपल्या मौनाला ज्ञानेश्वरी त्याग समजत आली होती... आणि त्याची झळ बसत होती लेकराला! यंदा सकाळीच तिने बाळाला विचारलं. “पुढल्या वर्षी बघू,” असं म्हणून तो सोवळं नेसायला निघून गेला होता.

“काय झालं आता?” बाळाने विचारलं. दांड्याखाली त्याची मान वाकली होती.

“सकाळी विचारलं होतं, भावोजी. नीमाचं नाव घेणार नसाल तर माझंही नको. देवीपुढे आम्ही दोघी सारख्याच.”

“देवीला ताटकळत ठेवलान हिने,” गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं. जाऊ आनंदीने तिचा दंड धरून मागे ओढलं. ज्ञानेश्वरी हलली नाही.

मग बाळाने इतकी वर्षं मनात दडवलेली भीती सांगितली. ज्याचं नाव एकदा देवीच्या कानावर गेलं त्याने दर शिमग्याला दारात हजर राहिलंच पाहिजे, नाहीतर त्याच्यामागे काहीतरी लागतं, असं त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं. ही पोर आज ना उद्या आपल्या मुलखात परत जाईल, तेव्हा देवीचं हे ओझं तिच्या मानेवर कशाला?

“तिच्या भल्यासाठीच तिचं नाव सांगत नव्हतो मी,” तो म्हणाला.

तोवर तुळशीआड उभी असलेली नीमा पुढे आली.

“काका, सोहमदादा दुबईला हाय. त्याचं नाव दरसाल घेताव. तो कधी आला?”

सोहम बाळाचा एकुलता मुलगा. नोकरीला गेला तो एकाही शिमग्याला परतला नव्हता, आणि त्याचा विषय घरात कुणी काढत नसे. मागचा दांडा सुजयच्या खांद्यावर होता. जन्मात थोरल्या भावाला उलट न बोललेला सुजय हलकेच म्हणाला, “दादा, तुझा एवढ्या लांब गेला, तरी तुझाच राहिला ना? माझी तर इथं उभी आहे.”

पालखीचा भार क्षणाक्षणाला वाढत होता. बाळाच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि त्या पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते. नीमा जवळ गेली. तिने ओढणीच्या टोकाने त्याचे डोळे पुसले, मग कपाळावरचा घामही पुसला... जणू हे तिचं रोजचंच काम असावं.

“घाल गाऱ्हाणं, रघू,” बाळा म्हणाला. “हिचंपण नाव घे.”

रघूने नारळ उंच धरला. “हे माउली, ह्या घरचा बाळा, आनंदी, सुजय, सोहम, सानिका... आणि नीमा—”

“शेवटी नाही,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “ती सानिकापेक्षा मोठी आहे.”

“वहिनी, देवी घेईल समजून,” रघू कावून म्हणाला.

“देवी घेईल हो. वाडीला कळायला हवं.”

बाळाची लेक सानिका खुदकन हसली. बाळाने दुखरा खांदा सावरला. “पहिल्यापासून घे रे,” तो म्हणाला. “खांदा गेला तरी चालंल.”

“हे माउली, ह्या घरचा बाळा, आनंदी, सुजय, सोहम, नीमा, सानिका... ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी हायत. लांब गेलेल्यांना घराकडं वळव, जवळ हायत त्यांची राखण कर...”

“व्हय म्हाराजा!” सारी वाडी गरजली.

सुजयनंतर येणारं नाव आलं नव्हतं. रघूने तिचं मघाचंच म्हणणं पाळलं होतं. ज्ञानेश्वरीच्या ते लक्षात आलं. पण शेजारी नीमा डोळे मिटून, हात जोडून उभी होती, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती... तिला मध्येच थांबवावंसं आईला वाटेना.

पालखी टेकली. बाळा खांदा चोळत तिच्याजवळ आला. “ज्ञानेश्वरी, तुझं नाव राह्यलं गो. रघूला परत सांगतो.”

“राहू द्या, भावोजी. पुढल्या वर्षी घ्या.”

देवीच्या ओटीचं ताट तिच्या हातात होतं. ते तिने नीमाच्या हातांवर ठेवलं, तिला पालखीकडे पुढे केलं, आणि आपण मागे सरून बायकांच्या गर्दीत जाऊन उभी राहिली.